नाव आहे, नाव होतं

सोमवार, ६ तारीख

नव्या साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला केबिनमध्ये बोलावतात ते कौतुक करायला नव्हे, असं मनाशी म्हणतच गेले. हातात उगाचच एक पेन. साहेब माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील, पण बोलणं मवाळ आहे. म्हणाले, "मॅडम, बिघाडांच्या तिकिटांमधून हवं ते शोधून काढायचं म्हटलं की सगळे तुमचंच नाव घेतात."

"घेतात खरं," मी म्हटलं. खोटा नम्रपणा मला जमत नाही.

"मग मला एक यादी हवी. गेल्या सहा महिन्यांत कोणी किती तिकिटं पूर्ण केली, माणसागणिक. घाई नाही, पण नीट हवी."

बाहेर आले तेव्हा हायसं वाटलं. जागेवर जाऊन बसले तोवर ते गेलंही. माणसागणिक कशाला हवी असेल?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नवा माणूस आहे, ओळख करून घेत असेल. तू लगेच जीव टांगणीला लावतेस." ह्यांचे गुडघे आज जास्त दुखत होते, म्हणून विषय वाढवला नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातली. सगळं माझ्या ऑफिसच्या विम्यावर. डॉक्टर म्हणाले, आता आणखी लांबवू नका.

बुधवार, ८

लेक विचारत होती, "आई, तू दिवसभर नक्की करतेस तरी काय?"

इतक्या वर्षांनी विचारलं, हेही नसे थोडके. तिला सांगितलं ते इथेही लिहिते, म्हणजे माझंच मला स्पष्ट होईल. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठे लिफ्ट अडकली की जवळच्या मेकॅनिकच्या फोनवर निरोप जातो. या सॉफ्टवेअरमध्ये जे जे बिघडतं, त्याचं एकेक तिकीट तयार होतं. काय बिघडलं, तिकीट कोणाच्या नावावर आहे, काम कुठवर आलं, हे सगळं त्यावर असतं. बिघाड शोधून तिकीट लिहायचं काम माझं. दुरुस्त करणारे दुसरे. त्यांचं झालं की तिकीट तपासणीला परत माझ्या नावावर येतं. मी बघते, पटलं तर बंद करते.

"म्हणजे तू पगारी नावं ठेवणारी," लेक म्हणाली.

"ठेवते, पण शितावरून भाताची परीक्षा करत नाही. एकेक शीत चेपून बघते."

बंद करण्याआधी मी तिकीट पुन्हा दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर करते. नाहीतर ते माझ्या नावावर बंद व्हायचं. राबला तो आणि नाव माझं. मला कोणी तसं सांगितलेलं नाही, पण पहिल्यापासून माझा हा नेम आहे. ऑफिसात सगळे मला काकू म्हणतात ते काही केस पिकले म्हणून नाही.

गुरुवार, ९

आज हसं झालं. तिकिटं हजारोंनी साचलेली असतात, त्यातून हवी ती काढायला एक वाक्य लिहावं लागतं. त्याला क्वेरी म्हणतात. शब्द इंग्रजी असतात, पण घडण साधी आहे: प्रकल्प लिफ्टचा, आणि स्थिती 'पूर्ण' किंवा 'बंद', आणि तारीख गेल्या सहा महिन्यांतली. मी 'पूर्ण किंवा बंद' याला कंस घालायला विसरले. झालं, 'किंवा'ने दार सताड उघडलं आणि अख्ख्या कंपनीची तिकिटं आत आली. हिशेब विभागाचा बिघडलेला प्रिंटरही आमच्याच टीमने दुरुस्त केला असं दिसू लागलं.

माझ्या शेजारी एक पोरगेलासा प्रोग्रामर बसतो. काहीही विचारा, 'शंभर टक्के' म्हणतो, म्हणून त्याचं नाव तेच पडलंय. तो वाकून बघून म्हणाला, "काकू, प्रिंटरचं श्रेय मला द्या की. तेवढीच माझी एक ओळ वाढेल."

मी हसले. मग तो असं का म्हणाला, याचा विचार करत बसले.

सोमवार, १३

कळलं. शंभर टक्केने चहाच्या यंत्रापाशी गाठून सांगितलं. "काकू, कात्री येतेय. आपल्या टीममधला एक माणूस कमी. तुमच्या यादीवरूनच ठरणार."

"नक्की?"

आता हा काय उत्तर देणार ते माहीत असून विचारलं. दिलंनही तेच.

जागेवर येऊन यादी पुन्हा उघडली. क्वेरीतून आलेली तिकिटं नावागणिक मोजून तक्ता आपोआप तयार होतो, सगळ्यात जास्त वर, सगळ्यात कमी खाली. तळाला मौनीबाबा. त्याच्यावर शंभर टक्के.

मौनीबाबा म्हणजे आमचा खिडकीजवळचा प्रोग्रामर. चाळिशी पार, एकटा राहतो, दिवसभरात बोललाच तर 'हो', 'नाही' आणि 'बघतो'. तिकिटं थोडी करतो, पण कुठली? एका इमारतीत एकाच नावाच्या दोन लिफ्ट असल्या की मेकॅनिक भलत्याच लिफ्टपाशी जायचा. माणसं अडकलेली एकीकडे आणि हा दुसरीकडे. त्या तिकिटापुढे तिघांनी हात टेकले, तेव्हा ते याच्याकडे आलं. यानं ते सोडवलं. तक्त्यात त्याची किंमत एक. बटणाचा रंग बदलला त्याचीही एक.

याला काढलं तर या वयात कोण घेणार? मुलाखतीत तोंड उघडावं लागतं.

आणि हे सगळं माझ्या हातून. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १४

सकाळी अंघोळ करताना सुचलं. प्रत्येक तिकिटाला सुरुवातीलाच एक वजन दिलेलं असतं. सोप्याला एक, अवघडाला आठ, फारच अवघडाला तेरा. तिकिटं मोजायच्या जागी वजन मोजलं तर? करून बघितलं. मौनीबाबा तळातून उठून मधोमध जाऊन बसला. शंभर टक्के मात्र तळाला गेला. त्याचं वाईट वाटलं, पण तरणाताठा आहे आणि तोंडाचा पट्टा चालू असतो. त्याला काय, कुठेही खपेल.

शुक्रवार, १७

साहेबांना वजनाचं सुचवलं. मी चार वाक्यं पाठ करून गेले होते, तिसऱ्याला अडखळले. पण त्यांना लगेच पटलं. "उत्तम. मला हे सुचलंच नसतं. तुम्हाला काम आतून दिसतं, मॅडम."

हे ऐकून मूठभर मांस चढलं, लपवत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "या तक्त्यात टीममधले सगळे येतात ना? कोणी सुटत नाही?"

"सगळे येतात," मी म्हटलं.

"तुमची खात्री आहे?"

"साहेब, कंससुद्धा मोजलेत."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी पक्की यादी द्या." त्या बघण्याने मनात पाल चुकचुकली. वजनाची कल्पना मी मौनीबाबासाठी काढली हे त्यांनी ओळखलं की काय?

मंगळवार, २१

चार दिवस क्वेरीच घासतेय. एकच तिकीट दोनदा लिहिलेलं असलं तर एक वगळलं. चुकून उघडलेली वगळली. ज्यांच्यावर कोणाचंच नाव नाही तीही वगळली. बेवारशी कशाला मोजायची? क्वेरी आता इतकी लांबली आहे की पडद्यावर चार ओळी घेते. पण एकही शब्द फुकट नाही.

रात्रीच्या जेवणाला लेकीला कौतुकाने सांगत होते. ती म्हणाली, "आणि तुझं नाव कितवं येतं?"

"माझं कशाला? तागडी धरतो तो तागडीत बसत नाही."

"पण तूही त्याच टीममध्ये आहेस ना?"

"अगं, यादी दुरुस्त करणाऱ्यांची आहे," मी म्हटलं. हे म्हणाले, "जेवू दे तिला." हल्लीच्या मुलांना कामाची रीत कळत नाही.

शुक्रवार, २४

नवल घडलं. मौनीबाबा आपण होऊन माझ्या जागेपाशी आला. हातात पाण्याची बाटली, झाकण उघडतोय, लावतोय. मी म्हटलं, "काय हो?"

"काकू, ती क्वेरी."

"तिचं काय?"

"'नाव आहे' असं मोजताय तुम्ही. 'नाव होतं' असं घालून बघा."

हे अख्खं वाक्य बोलून तो लाल झाला. मी विचारलं, का? "बघा तर," म्हणाला आणि गेला.

हे 'होतं' प्रकरण मला माहीत आहे. तिकीट आत्ता कोणाच्या नावावर आहे हे विचारता येतं, तसं पूर्वी कधीतरी कोणाच्या नावावर होतं हेही विचारता येतं. पण त्याचा तक्ता आपोआप होत नाही, एकेकाचं नाव घालून क्वेरी पुन्हापुन्हा चालवावी लागते. शिवाय एकाच तिकिटावर चौघांची नावं निघतात. चांगली घासूनपुसून घेतलेली यादी, तिचं भजं कोण करणार?

मुख्य म्हणजे राग आला. याच्यासाठी मी साहेबांपुढे अडखळत उभी राहिले, याला तळातून मध्यावर आणलं, तर याला आणखी वर जायचंय. मुकी माणसंही आपल्यापुरतं बरोबर बोलतात.

शनिवार, २५

ह्यांच्याबरोबर दवाखान्यात. रक्त तपासायला दिलं. जिना उतरताना हे आडवे होऊन, एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून उतरतात. खाली पोचल्यावर मात्र म्हणाले, "बघ, आज लवकर उतरलो." विम्याच्या खिडकीवरच्या बाईने माझ्या ऑफिसचं कार्ड बघून सांगितलं, "काही काळजी करू नका, सगळं यात बसतंय."

सोमवार, २७

पक्की यादी दिली. आणि आजच शंभर टक्केने राजीनामा दिला! दुसरीकडे काम मिळालं म्हणे. तळाचा माणूस आपण होऊनच निघाला. सुंठीवाचून खोकला गेला. कात्री येऊन करणार काय, कापायचं ते आधीच गळून पडलं. इतकं मोकळं वाटलं की मी सगळ्यांना चहा दिला.

मौनीबाबा कप घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "घातलं का?"

"काय?"

"होतं."

"यादी गेलीसुद्धा," मी म्हटलं, जरा तोडूनच. त्याने चहा न पिताच कप ठेवला. रुसला असेल.

साहेबांनी केबिनच्या काचेला लावलेल्या यादीत खालची पाच नावं पिवळी केली आहेत. येताजाता तीनदा वाचली. मी त्यात नाही.

बुधवार, २९

साहेबांनी बोलावलं. आज पेनही घेतलं नाही. बक्षीस नाही तरी चार बरे शब्द मिळतील असं वाटत होतं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि यादी माझ्याकडे फिरवली. "मॅडम, यात किती नावं आहेत?"

मोजली. तेरा.

"पगारपत्रकात चौदा आहेत."

मला खरंच पटकन कळलं नाही. कोण राहिलं म्हणून मी बोटाने खालून वर नावं शोधत गेले. शंभर टक्के, मौनीबाबा, सगळे होते. वरच्या नावापर्यंत बोट पोचलं तेव्हा कळलं आणि ते तिथेच राहिलं.

ज्याच्या नावावर तिकीटच नाही त्याची तक्त्यात ओळ येत नाही. शून्यसुद्धा येत नाही. मी तळाला नव्हते कारण मी कुठेच नव्हते.

"मी तपासते आणि परत त्यांच्या नावावर करते, साहेब. बंद करण्याआधी."

"का?"

"ज्याने केलं त्याचं नाव राहावं म्हणून."

त्यांनी यादी बाजूला सारली. मग म्हणाले, "तुम्ही काम करत नाही असं मी म्हणत नाही. पण मला वर दाखवायचं ते यादीवरून. राजीनामा दिला त्याची जागा वेगळी; त्याखेरीज मला एक नाव द्यायचंच आहे. मी तुम्हाला विचारलं होतं, सगळे येतात का. सोमवारपर्यंत काही दाखवण्यासारखं असेल तर आणा. तुमचं नाव वर निघालं तर उरलेल्यांत जो शेवटी असेल, त्याचं द्यावं लागेल."

माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या घालता आल्या असत्या. धोंडा माझा, पायही माझा.

घरी काही बोलले नाही. हे ऑपरेशनआधीचा व्यायाम करत होते, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि खाली ठेवायचा. मी समोर बसून मोजत राहिले.

गुरुवार, ३०

होतं.

दुपारी हा शब्द डोक्यात आला. माझं नाव कुठल्याच तिकिटावर नाही, पण जवळजवळ प्रत्येकावर होतं. तपासणीला ते माझ्याकडे आलेलंच असतं. तो मला हेच सांगत होता. आणि मी मेली, तो स्वतःसाठी खटपट करतोय म्हणत होते.

सगळे गेल्यावर बसले. चौदा जणांची नावं एकेक घालून क्वेरी चालवली, येईल ते वजन कागदावर उतरवलं. माझं नाव सगळ्यात वर. दुसऱ्याच्या दुप्पटीहून जास्त. मोठ्याने हसलेही असेन, सफाईवाल्या बाई वळून बघत होत्या.

मग बाकीची नावं क्रमाने लावली. शंभर टक्केला सोडलं तर शेवटचा मौनीबाबा.

कागद उलटसुलट तपासला. बरोबर आहे. अवघड तिकिटं आधी ज्या तिघाचौघांकडे होती, ज्यांनी हात टेकून ती याच्याकडे ढकलली, त्यांचंही नाव त्यावर 'होतं'. त्यांना पूर्ण वजन मिळालं. हा मात्र हातातलं तिकीट कोणाकडे ढकलत नाही, घेतलं की संपवतो. त्यामुळे त्याचं तेवढंच राहिलं आणि सगळे त्याच्या वर गेले.

म्हणजे 'आहे' म्हटलं तर मी जाते. 'होतं' म्हटलं तर तो.

बिचाऱ्याला हे कुठे माहीत असणार? मला वाचवायला आला आणि स्वतःचाच गळा पुढे केला.

शुक्रवार, ३१

दुपारी त्याच्या जागेपाशी गेले. त्याला सांगायलाच हवं होतं. काय सांगायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून भलतंच निघालं. "तुम्ही ते 'होतं' सांगितलंत, ते चालवून पाहिलं होतंत का?"

"हो."

"सगळ्यांची नावं घालून?"

"हो."

"कधी?"

"सांगायला आलो, त्याच्या आदल्या दिवशी."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले. "मग तुमचं नाव कुठे जातं, ते दिसलं असेल."

त्याने मान हलवली.

"तरी सांगितलंत?"

तो खिडकीकडे वळला. म्हणाला, "यादीत तुमची ओळच नव्हती, काकू. माझ्या प्रत्येक तिकिटात तुम्ही आहात. चूक तुम्ही काढता, म्हणून मी सोडवतो. ते बघवेना."

"आणि तुमचं काय?"

"बघतो."

"या वयात? मुलाखतीत बोलावं लागतं हो."

हे मी त्याच्या तोंडावर बोलले. तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शनिवार, १

ह्यांनी ओळखलं. "तीन दिवस तू मीठ दोनदा घालतेयस," म्हणाले. सगळं सांगितलं. फक्त शेवटी कोण राहतो, ते सांगितलं नाही. म्हटलं, माझं नाव यादीत आणायची एक युक्ती आहे, सोमवारी पाठवायची आहे.

हे म्हणाले, "नाही जमलं तरी जिवाला लावून घेऊ नकोस. ऑपरेशन पुढे ढकलू. गुडघे काय पळून जाणार आहेत?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

लेक म्हणाली, "आई, मी त्या दिवशी विचारलं होतं." तिचं बरोबर आहे. काखेत कळसा होता.

रविवार, २

दिवसभर डोकं चालवलं. दोघंही वाचू अशी क्वेरी लिहिता येईल का? येते. दुपारपर्यंत सहा लिहिल्या. 'कोणी बंद केलं' असं विचारलं तर मी वर आणि आमच्याच टीममधला, वरच्या मजल्यावर बसणारा एक दाढीवाला शेवटी. तारीख आठ महिने मागे नेली तर नव्याने आलेली मुलगी शेवटी. हलकी तिकिटं गाळली तर आणखी कोणी. मग एकदम भीती वाटली. कोणाला शेवटी बसवायचं ते आधी ठरवायचं आणि मागून क्वेरी लिहायची, एवढंच मी करत होते. मौनीबाबासाठी वजन काढलं तेव्हाही दुसरं काय केलं होतं? सगळ्या खोडल्या.

'होतं' ही निदान माझी नाही, त्याची आहे. त्याने स्वतः दिली आहे. असं स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं.

सोमवार, ३

सकाळी साहेबांना पत्र लिहिलं. 'सोबत सुधारित यादी जोडली आहे. आधीच्या यादीत तपासणीचं काम धरलेलं नव्हतं.' त्याखाली आणखी एक वाक्य लिहिलं: 'या पद्धतीत अवघड तिकिटं दुसऱ्याकडे ढकलणाऱ्यांनाही श्रेय मिळतं, त्यामुळे शेवटच्या नावावर अन्याय होतो.' खरं वाक्य होतं. वाचलं, पुन्हा वाचलं. साहेबांनी ते वाचलं असतं तर म्हणाले असते, मग पुन्हा नीट करून आणा. पुन्हा केली की पुन्हा कोणीतरी शेवटी, आणि कोण सांगावं, फिरून मीच. ह्यांचं जिना उतरणं डोळ्यांसमोर आलं.

ते वाक्य मी काढून टाकलं आणि पत्र पाठवलं.

खिडकीकडे बघितलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधीच उत्तर आलं. 'धन्यवाद मॅडम. आता चित्र स्पष्ट झालं.' दुपारी मौनीबाबाला केबिनमध्ये बोलावलं. तो फार वेळ आत नव्हता. बोलणारा माणूस असता तर जास्त वेळ लागला असता. मी तेव्हा हातातलं तिकीट तपासत होते, काय तपासलं ते आठवत नाही.

घरी आले तर दोघंही दाराकडे डोळे लावून बसली होती. लेकीने विचारलं, "काय झालं? आलं का तुझं नाव?"

"आलं."

"कितवं?"

"पहिलं."

ती गळ्यात पडली. हे खुर्चीचा आधार घेऊन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं." मग दोघंही हसत बोलत राहिली, ऑपरेशननंतर कुठे फिरायला जायचं त्याबद्दल. मी सगळ्यांना वाढलं. शेवटचं नाव कोणाचं, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.